घालता येतो, पण घालणार कोण?

फाटक्या कपड्याचा निकाल लावायला अक्कल लागत नाही. फाटला, पुसायला घेतला, संपलं. खरी पंचाईत होते ती धडधाकट कपड्यांची. कॉलर शाबूत, चेन चालते, रंगही फारसा विटलेला नाही, आणि तरी तीन वर्षांत अंगाला लागलेला नाही. असा कपडा हातात घेतला की तोंडातून दोन शब्द हमखास निघतात: ‘कधीतरी’ आणि ‘कुणालातरी’. कधीतरी घालीन, नाहीतर कुणालातरी होईल. या दोन शब्दांच्या भरवशावर आमच्या घरातलं एक अख्खं लोखंडी कपाट कित्येक वर्षं भरलेलं होतं.

आता मी एवढंच बघते की कपड्याला वार तरी मिळाला पाहिजे नाहीतर नाव तरी. म्हणजे मी घालणार असेन तर नक्की कधी, आणि दुसरं कुणी घालणार असेल तर नक्की कोण. दोन्हीपैकी काहीच सांगता येत नसेल, तर ‘अजून चांगला आहे हो’ या एका कारणावर त्याला कपाटात जागा नाही. पहिल्यांदाच कपाट उपसायला बसणार असाल तर मी ज्या क्रमाने हे करते तो क्रम असा.

पहिली पायरी: दिवाळीच्या आधी नको

दिवाळीच्या साफसफाईत हे काम कधीही काढू नका. तेव्हा डोक्यात फराळ असतो, जाळ्या-जळमटं असतात, आणि सगळं गाव त्याच आठवड्यात कपडे बाहेर काढत असतं. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडीवालीची पाटी आधीच वाहत असते, तीही तोंड वाकडं करून भाव पाडते. मला दोन मोसम बरे वाटतात. एक, थंडी संपून स्वेटर आत ठेवायचे दिवस, म्हणजे फेब्रुवारी-मार्च. दुसरा, पाऊस ओसरल्यावरचं कडक ऊन. तेव्हा दमट वास घालवायला कपडे असेही बाहेर काढावेच लागतात, मग त्याच हाताने निवडूनही होतात.

आणि सगळं कपाट पलंगावर ओतू नका. तसं करा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतील. मी एकदा केलं होतं. रात्री साडेनऊला झोपायला जागा नव्हती, तेव्हा मी आणि नवऱ्याने मिळून सगळा ढीग कवेत घेऊन होता तसा आत कोंबला. एका वेळी एक कप्पा. दीड-दोन तास. बस.

दुसरी पायरी: सामान

उजेडाची खिडकी, मोठा आरसा, सुईदोरा, सेफ्टी पिनांचा पत्ता, मार्कर, कागदाच्या चिठ्ठ्या आणि बटणांचा डबा. प्रत्येक घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो ज्यात बिस्किटं कधीच नसतात, तोच. शिवाय चार पिशव्या. पिशव्यांवर ‘देणे’ असं मोघम लिहू नका, कुणाला ते लिहा. नाव अजून ठरलं नसेल तर पिशवी कोरी ठेवा, पुढे ठरेल.

तिसरी पायरी: बघू नका, घाला

हातात धरून कपडा नेहमी चांगलाच दिसतो. तो अंगावर चढवा. दोन्ही हात वर करा, वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखे. मग खाली मांडी घालून बसा. मग वाका. मांडी घालताना जी पँट मांडीत काचते ती तुम्ही लग्नाच्या पंगतीत नाही घालणार, आणि ऑफिसातही दिवसभर नाही घालणार. शर्टाचं पोटावरचं बटण बसल्यावर ताणलं जात असेल तर तो शर्ट बाद, उभ्याने आरशात कितीही बरा दिसो.

ब्लाउजचा मामला वेगळा. न बसणारा ब्लाउज लगेच बाद करू नका, आधी उलटा करून शिवण बघा. शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतो त्याला ‘माया’ म्हणतात. (आपल्या भाषेतला माझा अत्यंत लाडका शब्द. वय वाढलं तरी सांभाळून घेणारी.) दोन्ही बाजूंना एकेक इंच माया असली तर ब्लाउज आरामात एक माप वाढतो. मात्र रेशमी कापडावर उसवलेल्या टाक्यांची भोकं दिसतात, आणि आत दबलेल्या पट्टीचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद निघतो. ती पट्टी काखेखाली येणार असेल तर चालतं. मायाच नसेल तर तो ब्लाउज बारीक चणीच्या भाचीचा.

इथेच ‘बारीक झाल्यावर घालीन’ हा कपडा भेटेल. एकच ठेवा. पाच नाही, एक. त्यात चिठ्ठी घाला: पुढच्या दसऱ्यापर्यंत. माझ्या चिठ्ठीवर दोनदा तारीख खोडून नवी घातलेली आहे, तिसऱ्यांदा घालणार नाही असं ठरवलंय.

चौथी पायरी: वार ठरवा

‘वर्षभर घातलं नाही तर टाका’ हा नियम आपल्याकडे सरसकट लागू होत नाही. आपले कपडे वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात. रोजच्या कुर्त्याला सहा महिने पुरे. स्वेटरला मुंबईत दोन थंड्या द्याव्या लागतात, कारण एखाद्या वर्षी थंडी येतच नाही. शालू, पैठणी, शेरवानी लग्नसराईवर जगतात. घरातलं पुढचं लग्न कुणाचं, याचा अंदाज घेऊनच त्यांचं ठरवायचं. रेनकोटचं जूनमध्ये बघा. काळ्या साडीला मकरसंक्रांतीचा एक दिवस पुरतो, आणि तो दरवर्षी न चुकता येतो. म्हणजे तिला वार मिळाला, ती राहते. दुसरी काळी साडी कशाला, हे मात्र विचारा.

मी वापरते ती पिनेची युक्ती. ज्याच्याबद्दल मन ठाम नाही अशा प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीला गुढीपाडव्याला एक सेफ्टी पिन लावायची. घातला की पिन काढायची. पुढच्या पाडव्याला ज्यांच्या पिना तशाच असतील ते कपडे स्वतःच सगळं सांगतात. रेशमाला पिन लावू नका, गंज धरला तर डाग जात नाही. त्याच्या घडीत चिठ्ठी ठेवा. माझी आई साडीच्या घडीत बसच्या तिकिटाएवढा कागद ठेवायची आणि त्यावर पेन्सिलीने लिहायची: ‘मावसभावाची मुंज, नाशिक’, ‘हळदीकुंकू, वरचा मजला’. त्याच नातेवाइकांसमोर तीच साडी लागोपाठ नको, एवढाच तिचा हेतू. पण त्या चिठ्ठ्या वाचल्यावर कळलं की अकरा साड्यांपैकी चार साड्यांत एकच एक चिठ्ठी होती.

किमतीचा विचार इथे मनात आणू नका. ‘अडीच हजारांची आहे’ हे कारण नव्हे. अडीच हजार दुकानातच गेले.

पाचवी पायरी: ‘घरात घालायला’

हा मराठी घरातला सगळ्यात मोठा खड्डा. ठेवणीतला कपडा बाहेरचा होतो, बाहेरचा घरातला, घरातला झोपायचा, झोपायचा पुसायचा. ही उतरंड शहाणपणाची आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते मधल्या पायरीवर साचणाऱ्या गर्दीशी. कुणालाही बारा घरगुती टी-शर्ट लागत नाहीत.

किती लागतात हे कपाटाने ठरवू नका, दोरीने ठरवा. रोज धुणं होत असेल आणि कपडे एका दिवसात वाळत असतील तर एक अंगात, एक दोरीवर, एक घडी केलेला, आणि एक पाहुणे अचानक आल्यावर घालायला बरा. चार. पावसाळ्यात कोकणात काय किंवा मुंबईच्या बंद गॅलरीत काय, कपडा वाळायला तीन दिवस घेतो, म्हणून आणखी दोन. सहा झाले. सातवा आला की पहिला फडक्यांत गेला पाहिजे. रंगपंचमीसाठी म्हणून एक वेगळा ठेवा, हवं तर. आमच्याकडे रंगपंचमीसाठी ठेवलेले नऊ शर्ट निघाले होते, आणि माणसं तीन.

सहावी पायरी: गेलेल्या माणसाचे कपडे

याला पायरी म्हणणंही बरोबर वाटत नाही. घरातलं माणूस गेल्यावर तेराव्याच्या आसपास कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, कपडे देऊन टाका, घरात ठेवू नयेत. देण्याची रीत वाईट नाही, पण त्या दिवसांत घेतलेला कपड्यांचा निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्यानेच घेतलेला असतो. ऐकून घ्या. अंथरूण-पांघरूण आणि रोजचे कपडे द्या. बाकीच्यांना सहा महिने हात लावू नका. कपड्यांना घाई नसते.

मग बसाल तेव्हा एकट्याने बसू नका. भावंडांपैकी कुणाला बोलवा. माझ्या वडिलांचे बावीस शर्ट होते, जवळजवळ सगळे पांढरे नाहीतर फिकट निळे, खिशाच्या तळाशी शाईची पुसट रेघ. धाकट्या भावाने दोन घेतले आणि तो ते घालतो. मी एक ठेवला. तो मी घालत नाही आणि त्याला वारही नाही. माझ्या नियमात तो बसत नाही हे मला माहीत आहे. उरलेले आमच्या इमारतीच्या वॉचमनकाकांना आधी दाखवून, त्यांना हवे ते निवडू देऊन दिले. पण आधी विचारलं होतं की गेलेल्या माणसाचे आहेत, चालतील ना? काहींना चालत नाहीत. न सांगता देणं बरोबर नाही.

आईच्या सुती साड्यांची गोधडी करून घेणं हा मला सगळ्यात सुंदर मार्ग वाटतो, कारण त्यात सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं येतं. फार जीर्ण साड्या पोटात घालतात, चांगल्या काठाच्या वरच्या अंगाला. मग धावदोऱ्याने कडेपासून आत आत येत चौकोनात चौकोन. कोल्हापूर-सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात. हाताने करून देणाऱ्या बायका गावोगाव आहेत. मशीनवर मारलेली लवकर होते, पण ती ताठर राहते, अंगावर पडत नाही. शिवायला देण्याआधी साड्यांचे फॉल उसवून टाका. फॉल आणि साडी वेगवेगळी आटतात आणि पहिल्या धुण्यात चुण्या पडतात. नायलॉन-जॉर्जेट गोधडीत घालू नका, घाम शोषत नाही. सुती कुठलं आणि मिश्र कुठलं हे कळत नसेल तर कडेचे दोन धागे काढून जाळून बघा. सुताची मऊ राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो.

सातवी पायरी: नाव ठरवा

आता ज्यांना वार मिळाला नाही ते कपडे समोर आहेत. कुणाला द्यायचे?

सगळ्यात आधी ओळखीतलं माणूस. लहान मुलांचे कपडे तर घरातल्या घरातच फिरले पाहिजेत. नव्या बाळाला आधी कुणाचं तरी घातलेलं झबलं घालायची पद्धत आमच्याकडे आहे, आणि कारण काहीही सांगोत, धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत बाळाच्या कातडीला बरंच असतं. शाळेचा गणवेश त्याच शाळेतल्या खालच्या वर्गातल्या मुलाला, तोही एप्रिल-मेमध्ये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या घरात नवा घेऊन झालेला असतो.

घरकामाच्या मावशींना देताना तीन गोष्टी. विचारा, हातात कोंबू नका. ‘मावशी, यातलं काही उपयोगाचं आहे का बघता? नसेल तर तसं सांगा, मला दुसरीकडे द्यायचेच आहेत.’ या शेवटच्या वाक्याने त्यांना नाही म्हणता येतं. दुसरं, दिवाळीला जुनं देऊ नका. दिवाळीला बोनस द्यायचा, साडी दिलीत तर नवी. आणि दिलेला कपडा त्यांनी घातला की नाही, यावर लक्ष ठेवू नका. विकला असेल, बहिणीला दिला असेल. तो आता त्यांचा आहे.

मग भांडीवाली, म्हणजे बोहारीण. मुंबई-पुण्यात या धंद्यातल्या पुष्कळ बायका मूळच्या गुजरातच्या देवीपूजक समाजातल्या. अनेकांना वाटतं ही गंमत आहे, चार शर्टांवर एक डबा. पण ती ज्या नजरेने कपडा बघते ती शिकण्यासारखी आहे. आमच्या दारात बसणाऱ्या ताई पँट हातात आली की आधी उलटी करतात, बसायची जागा उजेडासमोर धरतात. ‘ताई, हितं विरलंय बघा. दोनदा बसला की गेली.’ मग चेन खालीवर, मग मोहरी किती दुमडलीय (म्हणजे लांबी किती वाढवता येईल), मग गुडघे. शर्ट असेल तर कॉलरच्या आतली घडी आणि काखा. साडी पूर्ण उलगडतात, निऱ्यांचा भाग बघतात, तिथे टाच घासून चिरलेली असते. हे सगळं त्या करतात कारण तो कपडा पुढे धुऊन, रफू करून, इस्त्री करून पुन्हा विकला जाणार असतो. आता मीच कपडे निवडताना याच क्रमाने बघते. भांडं घ्यायचं तर घासाघीस करा, पण एखादं पातेलं सोडून द्या. तिची पाटी डोक्यावर असते.

एक सावधगिरी. दारावर येऊन ‘जुनी जरीची साडी आहे का’ विचारणाऱ्यांना आजीची पैठणी किंवा शालू घाईने देऊ नका. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिला सोन्याचा मुलामा असतो. कापड फाटलं तरी जरीला मोल असतं. आधी ओळखीच्या सराफाला काठ दाखवा. आणि विकायचीच नसेल तर काठ-पदर काढून दुसऱ्या रेशमावर लावून घेता येतात.

संस्थांना द्यायचं असेल तर आधी फोन करून काय हवं ते विचारा. दिल्लीत 1999 साली अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’चं काम मला पटतं. गावातल्या लोकांनी स्वतः ठरवलेलं काम, विहीर, रस्ता, बांध, एकत्र मिळून करायचं आणि मोबदल्यात कपड्यांचा संच मिळवायचा, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. सुती कापडाचे पाळीसाठी पॅडही ते करतात. गुप्ता यांना 2015 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्थाही जुने कपडे, वस्तू गोळा करते. कोल्हापूर, अकोला अशा शहरांत ‘माणुसकीची भिंत’ असते, तिथे हवं ते ज्याने त्याने न्यावं.

पूर-भूकंपाच्या बातम्या बघून मात्र कपाट रिकामं करायला धावू नका. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले होते. 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात मदतीच्या आवाहनांतच ‘जुने कपडे नकोत’ असं लिहून येत होतं. ज्याचं घर चिखलात गेलंय त्याला कोरडी नवी चादर, नवे आतले कपडे आणि टॉवेल हवे असतात. तुमचा 2011 चा पार्टी गाऊन निवडत बसायला तिथे कुणालाही वेळ नसतो.

आणि जे कुणाच्याच नावाचं नाही? सुती असेल तर फडकी. लोकर आणि मिश्र कापडाचा काही भाग पुढे पानिपतला पोहोचतो. तिथे बटणं-चेन काढून, रंगानुसार वेगळं करून कपडे पिंजतात, पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं विणतात. रंगानुसार निवडल्यामुळे पुन्हा रंगवायचा खर्च बराच वाचतो. विटलेले आतले कपडे आणि मोजे कुणालाही देऊ नका. कापून सुक्या कचऱ्यात टाका, दानाच्या पिशवीच्या तळाशी लपवू नका.

आठवी पायरी: द्यायच्या आधी

धुवा, पूर्ण वाळवा, खिसे तपासा. नवऱ्याच्या एका ब्लेझरच्या आतल्या खिशात मला पाचशेची नोट आणि कुणाच्या तरी मुंजीतली सुपारी सापडली होती. तुटलेलं बटण डब्यातलं लावून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. साडीसोबत तिचा ब्लाउज आणि परकर एकत्र बांधा, सलवार-कमीज-ओढणी एकत्र. सुटे सुटे दिले की पुढे कुणालाच उपयोग होत नाही. मापाची चिठ्ठी टाचा: ‘छाती 38’, ‘मुलगा, 6-7 वर्षं’. निवडणाऱ्याचं निम्मं काम होतं.

नववी पायरी: जे ठेवलं त्याची निगा

ठेवायचं ठरवलंत तर नीट ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशीम ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. धुतलेलं मलमल किंवा आईचं जुनं मऊ पातळ गुंडाळायला उत्तम. दर तीन-चार महिन्यांनी घड्या बदला, नाहीतर जरी आणि कापड त्याच रेषेवर तुटतं. डांबराच्या गोळ्या जरीला टेकवू नका, जरी काळवंडते. सुकवलेला कडुनिंबाचा पाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. जड साडी हँगरवर वर्षानुवर्षं टांगू नका.

शेवटची पायरी: पिशव्या दाराशी

भरलेल्या पिशव्या माळ्यावर चढवू नका. माळ्यावर गेलेली पिशवी ही दिलेली पिशवी नव्हे. चपलांच्या कपाटाशेजारी ठेवा, रोज अडखळायला होईल अशी. प्रत्येकीवर नाव आणि वार: ‘मामेबहीण, रविवार’, ‘भांडीवाल्या ताई, गुरुवार’. आठ दिवसांत गेली नाही तर दुसरं नाव शोधा.

त्या आठ दिवसांत घरातलं कुणीतरी पिशवी उघडणार आणि म्हणणार, ‘अगं, हा कशाला देतेस? हा मला आवडतो!’ वाद घालू नका, परत घेऊ द्या. एका माणसाला एक कपडा. फक्त कपाटात जायच्या आधी आतल्या शिवणीला पिन लावा.